मेंढी एक, बोली लाखांची: शिकारीचे खास परवाने वाटतात कसे आणि पैसा मुरतो कुठे

कातळवाट

नेवाडातल्या रीनो शहरात दर जानेवारीत रानमेंढ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं संमेलन भरतं आणि तिथे सरकारी कागदांवर बोली लागते. २०१३ साली माँटानाचा बिगहॉर्न मेंढ्याचा (मोठ्या वळणदार शिंगांची रानमेंढी) परवाना ४ लाख ८० हजार डॉलरला गेला, तेव्हा तो उच्चांक होता. जानेवारी २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोच्या परवान्याने १३ लाखांचा पल्ला गाठला. अशी बातमी आली की आपल्याकडे कुणी "श्रीमंतांचे चोचले" म्हणतं, कुणी "बघा, शिकारच जंगल वाचवते" म्हणतं. परवाना ठरतो कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी दुरुस्त्या कराव्यात, भर घालावी.

आधी शब्द. तिथे शिकारीचं लायसन्स वेगळं आणि टॅग वेगळा. लायसन्स म्हणजे शिकार करायची सर्वसाधारण मुभा. टॅग म्हणजे अमुक जातीचा, अमुक लिंगाचा एक प्राणी, अमुक विभागात, अमुक तारखांना. प्राणी पडला की टॅग त्याला बांधायचा, तिथे त्याचं आयुष्य संपलं. बिगहॉर्नचे टॅग मुळातच मोजके. त्यातले जवळजवळ सगळे साध्या सोडतीत सामान्य अर्जदारांना जातात. एक-दोन बाजूला काढून लिलावात किंवा तिकीट लावून रॅफलमध्ये विकतात. बोलीभाषेत त्यांना 'गव्हर्नर टॅग' म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी बहुतेक ठिकाणी ते वन्यजीव आयोगाच्या हातात असतात.

किती टॅग काढायचे हे पैशावरून ठरत नाही, निदान ठरू नये. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका डोंगररांगेवर हेलिकॉप्टरने दोन सकाळी फिरून १२० मेंढ्या दिसल्या: ६० माद्या, १५ कोकरं, ४५ नर. शिंगांच्या वळणावरून नरांचे चार वर्ग करतात. पहिल्या दोनांत पोरगेलेसे, तिसऱ्या-चौथ्यात वयात आलेले, पाऊण ते पूर्ण वळणाचे. समजा तिसऱ्या-चौथ्या वर्गातले २० दिसले. हेलिकॉप्टरमधून सगळे कधीच दिसत नाहीत. त्या भागात गळ्यात कॉलर घातलेल्या मेंढ्यांपैकी ६० टक्के उडताना नजरेस पडल्या असतील, तर २० ला ०.६ ने भागायचं: साधारण ३३ मोठे नर. त्यातले १५ टक्के मारायला चालतील असं धरलं तर ५. इथून पुढे जीवशास्त्रज्ञ आणखी कात्री लावतो, कारण खास टॅगवाला राज्यात कुठेही जाऊ शकतो आणि तो नेमका याच रांगेत उतरला तर? म्हणून सोडतीला ४ आणि एक मोकळा.

लिलावाचा पैसा राज्याच्या साध्या तिजोरीत पडला तर हा सगळा खटाटोप फुकट. तो त्याच जातीच्या खात्यात जाईल असं कायद्यात लिहिलेलं हवं. अॅरिझोनात आयोग एका जातीसाठी वर्षाला जास्तीत जास्त तीन खास टॅग काढू शकतो. ते ना-नफा संस्थांना विकायला देतात आणि आलेली सगळी रक्कम त्याच जातीच्या कामासाठी खात्याकडे परत येते. माँटानात लिलाव करणारी संस्था १० टक्क्यांपर्यंत स्वतःकडे ठेवू शकते, बाकी सरकारला.

आणखी एक. हा पैसा 'मॅच', म्हणजे राज्याचा स्वतःचा हिस्सा, म्हणून दाखवला तर वन्यजीवांसाठी राज्यांना केंद्रीय निधी देणाऱ्या १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून एका डॉलरवर केंद्राचे तीन मिळतात. म्हणजे ३ लाखांच्या बोलीतून १० टक्के वजा जाता २,७०,०००, त्यावर ८,१०,०००, एकूण १०,८०,०००.

आकडेमोड्या

लेख चांगला आहे, पण शेवटच्या परिच्छेदात घोळ आहे, आणि हा घोळ तिकडचे प्रचारकही बिनदिक्कत करतात.

पिटमन-रॉबर्टसनचा पैसा बंदुका, काडतुसं आणि धनुष्यबाणांवरच्या अबकारी करातून येतो. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १०. राज्यांना वाटताना निम्मा हिस्सा क्षेत्रफळावर, निम्मा लायसन्सधारकांच्या संख्येवर. कुठल्याही राज्याला ५ टक्क्यांच्या वर नाही आणि अर्ध्या टक्क्याच्या खाली नाही. या सूत्रात लिलाव कुठेच नाही. बोली एक लाखाची लागो की दहा लाखांची, राज्याच्या वाट्याची केंद्रीय रक्कम तेवढीच राहते.

ती उचलायला राज्याने २५ टक्के स्वतःचे घालायचे असतात. साध्या लायसन्स फीतून ते भागत असतील, तर लिलावाचा डॉलर तीन डॉलर 'आणत' नाही, तो नुसता वेगळ्या डब्यात पडतो. ज्या वर्षी बंदुकांची विक्री प्रचंड होते आणि राज्याकडे मॅच कमी पडतो, त्या वर्षी मात्र तुमचं गणित खरं ठरतं. अलीकडे वाटपाची वार्षिक रक्कम एक अब्ज डॉलरच्या वर गेली तेव्हा काही खात्यांची अशी ओढाताण झाली होती. ठरल्या मुदतीत पैसा कामाला लावला नाही तर तो हातचा जातो.

त्याच कायद्यातली जास्त मोलाची अट लोक विसरतात: लायसन्सचा पैसा वन्यजीव खात्याबाहेर वळवला तर राज्य केंद्रीय निधीला अपात्र ठरतं. आमदारांना रस्त्यासाठी त्या पैशाला हात घालावासा वाटला तरी घालता येत नाही. लिलावापेक्षा हे कुलूप मोठं आहे.

कातळवाट

@आकडेमोड्या, मान्य. "एकावर तीन" हे 'मॅच कमी पडत असेल तर' असं वाचावं. मूळ लेख संपादित करत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लोंबकळेल.

सांजधारा

वाचतेय. एक शंका. १०० माद्यांमागे २५ कोकरं हे तुमच्या उदाहरणात आलं, ते चांगलं की वाईट? आणि कोकरं इतकी कमी असताना नर मारायची परवानगी कशी?

मोवी_विरोधक

सांजधारा, २५ म्हणजे कळप तगून आहे, फार फोफावत नाही. एखाद्या रांगेत हाच आकडा लागोपाठ दोन-तीन वर्षं १० च्या आसपास आला तर निमोनियाचा संशय घ्यायचा.

परवानगी कशी, याचं उत्तर प्रजननात आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. वाढ ठरते ती मादी आणि कोकरू जगण्यावर. मोजके म्हातारे नर कमी झाले तर संख्येत फरक पडत नाही. उलटंही तितकंच खरं: शिकार बंद केली म्हणून कोकरं वाचत नाहीत. त्यांना मारणारा जंतू आहे मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी, तिथे लाडाने 'मोवी' म्हणतात. पाळीव मेंढ्या-बकऱ्या तो नाकात घेऊन निवांत चरतात. रानमेंढीला तो नवा असतो. नाकाला नाक लागलं की आधी मोठी जनावरं पटापट मरतात आणि पुढे कित्येक वर्षं उन्हाळ्यात कोकरं मरत राहतात, कारण एखाददुसरी वाचलेली मादी जंतू बाळगून असते.

लिलावाच्या पैशाचं खरं काम इथे आहे. हेलिकॉप्टरमधून जाळं फेकून मेंढी पकडायची, डोळ्यांवर पट्टी, पाय बांधायचे. नाकात बोळा फिरवून नमुना, रक्त, कानात बिल्ला, गळ्यात जीपीएस कॉलर. मधूनमधून गुदद्वारात थर्मामीटर. पारा ४१ अंशांच्या वर सरकला की अंगावर पाणी ओतायचं, उतरला नाही तर काम अर्धवट टाकून सोडून द्यायचं. धावपळीत तापलेलं जनावर त्या दिवशी उठून पळतं आणि नंतर स्नायू निकामी होऊन मरतं. म्हणून पाठलाग काही मिनिटांतच आवरायचा. अहवाल आले की सतत जंतू सोडणाऱ्या माद्या शोधून कळपातून काढतात. हेलिकॉप्टरचं बिल तासावर असतं, आणि एवढी रक्कम खात्याच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात सहसा नसते.

दुसरा खर्च म्हणजे सरकारी जमिनीवर पाळीव मेंढ्या चारायचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याला भरपाई देऊन तो हक्क सोडायला लावणं. ही सक्ती नसते. काही मेंढपाळ पैसे घेतात, काही मेंढ्यांऐवजी गायी आणतात, काही साफ नाही म्हणतात.

वाळवंटी_वस्ती

अॅरिझोनाची प्रक्रिया सांगतो, फिनिक्स-टेम्पी भागात मराठी मंडळी बरीच आहेत म्हणून.

मेंढी आणि हरणाचा अर्ज जूनच्या सुमारास, एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) आणि प्राँगहॉर्नचा (काळविटासारखा प्राणी) फेब्रुवारीच्या सुरुवातीला. अर्ज करायच्या आधी त्या वर्षीचं लायसन्स हातात हवं, नाहीतर अर्ज बाद. राज्याबाहेरच्यांना १० टक्क्यांच्या वर टॅग मिळत नाहीत. रहिवासी ठरायला सहा महिने सलग वास्तव्य लागतं. मेंढीच्या टॅगची फी रहिवाशाला ३०० आणि बाहेरच्याला १,८०० डॉलर अशी राहिली आहे. दर बदलतात, त्या वर्षीची पुस्तिका बघावी.

नंबर लागला नाही की एक बोनस पॉइंट. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला की कायमचा एक. पाच वर्षं खंड न पाडता अर्ज केला की निष्ठेचा एक, पण एक वर्ष चुकलं की तो गेला. सोडतीत आधी २० टक्क्यांपर्यंत टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांसाठी, मग उरलेले सगळ्यांसाठी. त्या दुसऱ्या फेरीत जेवढे पॉइंट तेवढ्या जादा चिठ्ठ्या.

एच-१बी वाल्यांसाठी: अस्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, पण एखाद्या राज्याचं वैध शिकार लायसन्स जवळ असेल तर अपवाद आहे. लायसन्सची तारीख उलटली की अपवादही संपला. राज्याचे नियम वेगळे, तेव्हा आधी वकिलाला विचारा.

आकडेमोड्या

पॉइंटच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची गंमत हिशेबात आहे.

नेवाडात पॉइंटचा वर्ग करून त्यात एक मिळवतात. १० पॉइंट असतील तर १०१ आकडे पडतात, शून्य असेल तर एकच. त्यातला सर्वांत लहान आकडा तुमचा, आणि असा लहानात लहान आकडा ज्याचा तो पहिला. यात नव्या पोराचीही शक्यता शून्य होत नाही.

निव्वळ ज्येष्ठतेच्या रांगेत मात्र होते. समजा वर्षाला १० टॅग आणि रांगेत ६,००० माणसं. शेवटच्याचा नंबर ६०० वर्षांनी. वर दरवर्षी नवे लोक येतात आणि जुने हट्टाने टिकतात, त्यामुळे लागणाऱ्या पॉइंटची पातळी वर सरकत जाते. याला तिथे 'पॉइंट क्रीप' म्हणतात. खाती हे थांबवायला नाखूश, कारण टॅग न देता नुसत्या पॉइंटसाठी दरवर्षी फी येते. माझ्या मते लिलावापेक्षा ही गोष्ट जास्त लबाडीची आहे. लिलावात निदान घेणाऱ्याला टॅग मिळतो.

न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत. ८४ टक्के रहिवासी, १० टक्के गाइडबरोबर करार केलेले, ६ टक्के बाहेरचे, आणि निव्वळ सोडत. सोपं आणि कोरडं.

रानभूल

सगळं ठीक. पण सगळ्यात मोठ्या शिंगांचा नर वेचून मारला तर पुढची पिढी खुज्या शिंगांची होणार नाही का? कॅनडात आल्बर्टातल्या राम माउंटनवर असंच दिसलं होतं ना?

मोवी_विरोधक

दिसलं होतं. राम माउंटनवर कित्येक दशकं एकेका मेंढ्याची नोंद ठेवली आणि शिंगं आखूड होत गेल्याचं निघालं. पण तिथला नियम बघा. शिंग चार-पंचमांश वळलं की नर मारायला मोकळा, आणि स्थानिकांना टॅगची संख्या ठरलेली नव्हती. ज्याची शिंगं भराभर वाढतात तो चार-पाच वर्षांचा असतानाच 'कायदेशीर' होतो आणि माजावर येऊन माद्यांपर्यंत पोचण्याआधीच पडतो. हळू वाढणारा वाचतो आणि त्याचीच पोरं होतात. निवड झाली ती वेगाने वाढण्याच्या विरुद्ध.

आठ-दहा वर्षांच्या नराने तोवर बऱ्याच माद्या फळवलेल्या असतात. टॅग थोडे असतील आणि शिकाऱ्याला वय बघून निवडायची सवड असेल तर तो दाब खूप कमी होतो. वय शिंगावरच्या वार्षिक खाचांवरून मोजतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची टोकं झिजून किंवा आपटून तुटलेली असतात, म्हणून नवखा माणूस एखाद-दोन वर्षांनी चुकतो.

धोका संपत नाही हेही कबूल. लिलाव टॅगवाल्याला अॅरिझोनात सलग ३६५ दिवस मिळतात, सोबत पगारी टेहळे. तो वर्षातला सगळ्यात मोठा नर हुडकणारच. एक नर म्हणून काही बिघडत नाही. दरवर्षी एकाच रांगेतून तोच वर्ग उचलला गेला तर त्या भागातल्या सोडतवाल्यांसाठी चांगले नर उरत नाहीत आणि बोंब होते. म्हणून काही राज्यं ठरावीक विभाग खास टॅगला बंद ठेवतात.

पाणवठा

पैसा कुठे मुरतो ते एका वस्तूवर सांगतो: वाळवंटातली पाण्याची टाकी, तिथे 'गझलर' म्हणतात.

उताराला पाऊस गोळा करणारा पत्र्याचा किंवा रबरी कापडाचा पागोळा, खाली जमिनीत पुरलेली टाकी, टोकाला जनावराने पिण्याची डोणी. पागोळा २०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस १५० मिलिमीटर धरला तर ३०,००० लिटर. वाऱ्याने, सांडण्याने, धुळीत मुरण्याने पाचवा हिस्सा गेला तर २४,००० हाती. सावलीत पुरलेली टाकी हेच पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकवते. उघड्या हौदातलं जूनपर्यंत वाफ होऊन जातं.

बिघडतं ते डोणीपाशी. जुन्या रचनेत टाकी वर, डोणी खाली आणि मध्ये तरंगता व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हमध्ये क्षार साचतो, तो अडकतो, आणि एका रात्रीत टाकी रिकामी. तिथे महिनोन् महिने माणूस फिरकत नाही, कळायचं कसं? म्हणून आता डोणीचा काठ आणि टाकीची पातळी एकाच उंचीवर घेतात, पाणी आपोआप समपातळीला राहतं, हलता भाग एकही नाही. खोदताना पातळी चार-पाच सेंटिमीटरने जरी चुकली तरी वरचं पाणी सांडून जातं किंवा तळातलं डोणीपर्यंत पोचत नाही. डोणीला आत उतरता खडबडीत उतार ठेवायचा. नाहीतर कासव, सरडे, पाखरं बुडून मरतात, आणि कुजलं की मेंढ्या त्या पाण्याला तोंड लावत नाहीत.

दुष्काळात टँकर जाऊ शकला नाही तर हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागतं. एका गझलरचा बांधकाम खर्च एकदाच येतो, हा मात्र दर दुष्काळाला येतो. लिलावाच्या निधीतून नवं बांधायला सगळे उत्साही, जुनं दुरुस्त करायला कुणी फोटो काढायला येत नाही.

सांजधारा

शेवटच्या वाक्याला +१. आपल्याकडच्या शेततळ्यांचं वेगळं काय आहे!

उत्तरवाट

शेजारचं उदाहरण राहिलं. पाकिस्तानचा मारखोर, म्हणजे पिळदार शिंगांची रानबकरी.

जात साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारी देवघेव बंद. १९९७ च्या हरारे परिषदेत पाकिस्तानला वर्षाला ६ शिकारी स्मृतिचिन्हं (शिंगं, मुंडकी) निर्यात करायची मुभा मिळाली, २००२ मध्ये ती १२ झाली. देशभरात बारा, बस. बलुचिस्तानातल्या तोरघरमध्ये पठाण टोळ्यांनी हे काम त्याच्याही आधी, १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरू केलं होतं. तिथे पहिली पायरी होती गावातल्या शिकाऱ्यांनाच पगारी राखणदार नेमणं. चोरवाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक?

पैशाची वाटणी: ८० टक्के त्या खोऱ्यातल्या गावसमितीला, २० टक्के सरकारला. खैबर पख्तुनख्वाच्या २०२४ च्या लिलावात चित्रालच्या तुशी-शाशा भागाच्या परवान्याला २ लाख ७१ हजार डॉलर आले. त्याचे ८० टक्के म्हणजे २,१६,८०० डॉलर. राखणदारांचे पगार, पाटाची दुरुस्ती, शाळा, दवाखान्याची गाडी अशा कामांना ते जातात. २०१५ मध्ये आययूसीएनने (प्रजातींच्या धोक्याची यादी ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मारखोरला 'संकटग्रस्त' मधून 'संकटसमीप' वर्गात आणलं.

बोली सहसा शिकारी स्वतः लावत नाही, परवानाधारक आउटफिटर (शिकारीची व्यवस्था करणारा) लावतो आणि पुढे परदेशी गिऱ्हाइकाला विकतो. जोखीम त्याची. हिवाळ्याचा हंगाम, बर्फ, बंद घाट. गिऱ्हाईक आलंच नाही तर परवाना वाया. शिकार झाल्यावर निर्यात परवाना पाकिस्तानचा आणि आयात परवाना शिकाऱ्याच्या देशाचा, दोन्ही लागतात. दुसरा अडला तर शिंगं तिथेच गोदामात पडून.

घोळ होतो तो ८० टक्क्यांत. पैसा जिल्ह्याच्या खात्यात महिनोन् महिने अडकतो. समितीत दोन-तीन घरांचंच चालतं. आणि ज्या खोऱ्यात मारखोर वाढले तिथल्यांच्या शेळ्यांना वरचं कुरण बंद होतं, पण चेक मिळतो खालच्या गावाला. ज्याने कुरण सोडलं त्याच्या हातात काही पडलं नाही की एका हिवाळ्यात बंदुका परत बाहेर येतात.

अवांतर: मारखोर आपल्याकडेही आहे, काश्मीरमध्ये काझिनाग आणि हिरपोरा भागात थोडे. तिथे अर्थातच शिकार नाही.

रानभूल

आणि नामिबियाचा काळा गेंडा? ज्याचा परवाना २०१४ मध्ये डॅलसला साडेतीन लाख डॉलरला विकला तो. त्यावर जगभर गदारोळ झाला होता.

उत्तरवाट

तिथे परवाना 'एक गेंडा' असा मोघम नव्हता, म्हातारा नर असा होता. काळ्या गेंड्याचा प्रजननाला निकामी झालेला नर इलाखा सोडत नाही, तरण्या नरांना आणि कधी मादी-पिल्लांनाही भोसकतो. २००४ च्या बँकॉक परिषदेने नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेला प्रत्येकी वर्षाला पाच प्रौढ नरांचा कोटा दिला होता. पैसा नामिबियाच्या गेम प्रॉडक्ट्स ट्रस्ट फंडात.

शिकाऱ्याने जानेवारी २०१४ मध्ये बोली जिंकली, पण अमेरिकी खात्याचा आयात परवाना मिळाला मार्च २०१५ मध्ये. मे २०१५ मध्ये शिकार झाली. सव्वा वर्ष कागद अडकला. आयातीची खात्री नसेल तर पुढचा माणूस कमी बोली लावतो. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेने झिंबाब्वे आणि टांझानियातून हत्तींची स्मृतिचिन्हं आणणं थांबवलं, तेव्हा तिथल्या शिकारी भागांच्या कमाईचा पायाच हलला. एका परदेशी खात्याच्या एका पत्रावर गावाचा निधी अवलंबून असणं, ही या पद्धतीची सगळ्यात कच्ची बाजू.

आकडेमोड्या

युटाहचं कुणी काढलं नाही, म्हणून मी काढतो. तिथे खास टॅग एक-दोन नाहीत, शेकड्यांत आहेत. सॉल्ट लेक सिटीच्या शिकार एक्स्पोमध्ये (प्रदर्शनात) २०० परवान्यांची सोडत असते, प्रत्येक अर्जाला ५ डॉलर. ते ५ डॉलर नेमके कुठे जातात यावर कित्येक वर्षं भांडण झालं. पुढे त्यातला ठरावीक भाग, दीड डॉलर, मान्य प्रकल्पांवर खर्च करायचं बंधन आलं. लिलावाच्या 'कॉन्झर्वेशन परमिट'ची वाटणी वेगळी: ३० टक्के राज्याला, ६० टक्के संस्थेकडे पण राज्याने मंजूर केलेल्या प्रकल्पांसाठीच, १० टक्के संस्थेचे स्वतःचे.

टॅग एक असतो तेव्हा वाद होत नाही. शंभराच्या पुढे गेला की प्रत्येक टॅग सोडतीच्या रांगेतल्या कुणाचा तरी असतो, आणि रांगेतल्याला ते कळतं. अॅरिझोनाने कायद्यातच तीनची मर्यादा घातली ते शहाणपणाचं.

विदर्भवाला

आमच्याकडे रानडुकरं आणि नीलगायींनी तूर-सोयाबीनचा पार सत्यानाश केलाय भाऊ. असा परवाना विकून शेतकऱ्याला पैसे देता येत नाही का?

कातळवाट

कायद्याने नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आधी लायसन्सवर शिकारीची तरतूद होती, १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता शिल्लक आहे ते कलम ११. रानडुक्कर, नीलगाय आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, त्यात उभं पीकही आलं, धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणं देऊन मारायची परवानगी देऊ शकतो. ही परवानगी नुकसान थांबवायची आहे, विकायची नाही. कलम ३९ प्रमाणे असं मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. त्यामुळे मांस, कातडं, सुळे काहीच शेतकऱ्याचं होत नाही.

पैसा जागच्या जागी राहण्याचं उदाहरण मात्र आपल्याकडे आहे. २००६ च्या दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचं प्रतिष्ठान काढता येतं. ताडोबाच्या गेटवरची पर्यटकांची फी ताडोबाच्या प्रतिष्ठानाकडे जाते. शिकारीच्या जागी सफारी, पण कुलूप तेच: पैसा मंत्रालयात जाऊन परत यायची वाट बघायची नाही.

विदर्भवाला

म्हणजे आमचं डुक्कर मारलं तरी पुरायचंच. कळलं.

सांजधारा

एक शेवटची शंका. परवाना एक आणि मेंढे दोन मारले, किंवा परवाना नसताना मारून शिंगं विकली, तर पकडणार कसं?

मोवी_विरोधक

शिंगात खुंटी असते. ठरलेल्या मुदतीत, राज्याप्रमाणे काही तास ते काही दिवस, शिकाऱ्याने मुंडकं खात्याच्या कचेरीत आणायचं. तिथे शिंगाची लांबी आणि बुंध्याचा घेर मोजतात, खाचा मोजून वय लिहितात, मांसाचा किंवा दाताचा नमुना घेतात. मग शिंगाच्या मागच्या बाजूला ड्रिलने भोक पाडून अंक कोरलेली धातूची खुंटी ठोकून बसवतात. ती उपटली तर शिंग चिरतं. खुंटी नसलेलं शिंग जवळ सापडलं की ते कुठून आलं हे तुम्हाला सांगावं लागतं, आणि राज्याची हद्द ओलांडलेली असेल तर बेकायदा मारलेल्या वन्यजीवांच्या वाहतुकीवरचा १९०० चा लेसी कायदा लागतो. रानात सापडलेल्या मेलेल्या मेंढ्याचं शिंग उचलायलाही बऱ्याच राज्यांत आधी नोंद करून खुंटी मारून घ्यावी लागते. भोक पाडताना शिंगाचं आवरण आणि आतलं हाड यांच्या मध्ये सुटी जागा लागली तर खुंटी सैल बसते, तेव्हा बाजूला बोटभर सरकून पुन्हा भोक पाडतात.